बिनदाढीचा तेर्बास

आर्गेसा,
आर्तेमिसिओस महिना, दिवस नववा

ती. सौ. तातियाताईस,
धाकट्या मेल्तिनेचा सा. न. वि. वि.

इथे बाबा आणि मी ठीक आहोत. रोज सकाळी चूल पेटली की तुम्हां सगळ्यांच्या नावानं देवापुढे चिमूटभर धूप टाकते. बाबांचा ताप आता पूर्ण उतरला आहे. सबंध दिस्त्रोस महिना त्यांनी अंथरुणात काढला. हे तुला मुद्दाम कळवलं नव्हतं. तू धावत आली असतीस आणि तुझ्या सासूबाईंना वर्षभर बोलायला विषय मिळाला असता. आता ते भट्टीपाशी बसून माझ्या मसुरीच्या आमटीला नावं ठेवतात, म्हणजे बरे झाले असं मी समजते.

लोकर घेऊन येणारा मानेस सांगत होता की केर्साची नवी नाणी पाडून झाली आणि जत्रेच्या बाजारात फिरायलाही लागली. ताई, एक काम कर. एक नाणं घे, उजेडात धर, आणि ते कसं उठलं आहे ते मला खरं खरं लिही. सम्राटाच्या चेहऱ्याच्या बाजूची काळजी नाही, तो ठसा जुनाच आहे. मागची बाजू बघ. नगरदेवीच्या मुकुटावरचे तटाचे बुरूज तिन्ही दिसतात का? एका हातातलं सुकाणू आणि दुसऱ्या हातातलं फळांचं शिंग एकमेकांत मिसळलेली नाहीत ना? कडेनं तुझ्या मामंजींचं नाव आहे आणि मग ‘केर्साकरांचं’. जागा पुरली नाही म्हणून शेवटचं अक्षर बारीक झालं आहे. ठशात अक्षरं उलटी कोरावी लागतात. चूक झालीच तर ती नाणं पडल्यावर दिसते, आणि तोवर हजार नाणी पडलेली असतात.

आणि देवीच्या पायाशी आडवा टेकलेला तेर्बास नद. त्याच्या चेहऱ्याबद्दल कोणी काही बोललं का? आधी वाईट बोललेलं कळव. चांगलं मागाहून आलं तरी चालेल.

जेवणं झाली की आजोबा मेजावर गावोगावची नाणी मांडायचे आणि आपल्याला विचारायचे की ही कोण, तो कोण. ही तराजूवाली म्हणजे न्यायबुद्धी, पायाशी चाक असलेली म्हणजे गर्विष्ठांना खाली आणणारी, सुकाणूवाली म्हणजे नगराचं दैव. मी घोकून सांगायचे. तू म्हणायचीस की तराजूवाली ही कोपऱ्यावरची मासेवाली आहे आणि तिचं माप खोटं आहे. आजोबा तुला हसायचे आणि नाणं मला द्यायचे. त्यातलं मोठं बक्षीस कोणतं, हे मला अजून ठरवता येत नाही.

छोट्या अम्मियाचा पापा घे. उत्तर मानेसबरोबरच पाठव, तो तीन दिवस तिथे आहे. माया आहे तेवढी राहू दे, कमी करू नकोस.

तुझी,
मेल्तिने


केर्सा,
आर्तेमिसिओस, दिवस एकोणिसावा

चि. मेल्तिने हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मला वाटलं की तुझं पोटचं मूलच आमच्या जत्रेत हरवलं आहे. आधी श्वास घे. बुरूज तिन्ही आहेत, मी बोटानं मोजले. शिंग शिंगासारखं आहे, सुकाणू सुकाणूसारखं आहे. शेवटचं अक्षर बारीक आहे खरं, पण मामंजी तिथपर्यंत वाचतच नाहीत, त्यांना आपलं नाव पुरतं. ‘मेनोफिलासच्या अमदानीत’ एवढं वाचून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. आयुष्यभर नगरसभेत बसले, आणि नाव काशावर उठायला हे वय उजाडावं लागलं! एक नाणं पिशवीत वेगळं ठेवलं आहे. भेटेल त्याला काढून दाखवतात, आणि ज्याला दाखवतात त्याच्याजवळही तेच नाणं असतं.

तेर्बासबद्दल वाईट एकच ऐकलं. पाणवठ्यावरच्या पोरी म्हणाल्या की असा नवरा मिळाला तर रोज दहा घागरी वाहू, पण मिळत नाही. सासूबाईंनी नाणं लांब धरून पाहिलं आणि म्हणाल्या, तुझ्या बापानं आमच्या नदाला लग्नाचा मुलगा करून ठेवलाय गं, मुलगी कुठली पाहिली आहे तेवढं विचार. बाबांचा हात म्हातारपणी तरुण झाला आहे असं मी सगळ्यांना सांगते. अम्मियानं नाणं तोंडात घातलं आणि जाहीर केलं की देवी खारट आहे.

इकडे ताप आहे तो दुसराच. मागच्या उन्हाळ्याआधी आमच्या लोकांनी डोंगरात बांध घातला. खालच्या मिलियाचे लोक म्हणतात की वरच्या नऊ झऱ्यांचं पाणी जुन्या शिलालेखाप्रमाणे त्यांचं आहे. ते कालव्यानं त्यांच्या शेतांत जायचं, आणि आम्ही बांध घालून ते आपल्या पात्रात वळवलं. आमची नगरसभा म्हणते की झऱ्यांना आम्ही बोट लावलेलं नाही, बांध दरड अडवण्यासाठी आहे, आणि पात्रातलं पाणी तेर्बासचं स्वतःचं आहे. तेर्बास बारा महिने वाहतो म्हणे. आता प्रकरण तुमच्याकडे आर्गेसाला प्रांताधिकाऱ्यांपुढे जाणार आहे. तुला म्हणून सांगते, बांध झाल्यापासून भर उन्हाच्या गोर्पिआइओस महिन्यातही घागर भरायला मला दारापासून चाळीस पावलं पुरली. त्यामुळे कोण खरं आणि कोण खोटं, हे मी कोणालाही विचारायला जात नाही.

बाबांना म्हणावं आमटी गिळा आणि माझ्या बहिणीला छळू नका. तुझ्यासाठी वाळवलेली अंजिरं पाठवते आहे, मानेसनं वाटेत खाल्ली नाहीत तर मिळतील. आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.

तुझी,
तातिया


आर्गेसा,
दायसिओस महिना, दिवस चौथा

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र एकटी असताना वाच.

परवा दुकानात फिलितास नावाचे एक गृहस्थ आले. बोलणं मधासारखं. बाबांच्या हाताचं कौतुक केलं, फळीवरचे जुने ठसे पाहिले, बरोबरची द्राक्षाची दारू बाबांना पाजली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं की नददेवांना काही नाण्यांवर दाढी असते आणि काहींवर नसते, तर याला काही नियम आहे की कोरणाऱ्याची लहर? बाबांना ‘लहर’ हा शब्द झोंबला. म्हणाले, लहर कसली हो? हे आमच्यात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. बारमाही वाहणारा थोर नद असला तर छातीपर्यंत दाढी. उन्हाळ्यात आटणारा असला तर मिसरूडही न फुटलेला पोरगा. आमच्या घराण्याकडून तीन पिढ्यांत यात एकदाही चूक झालेली नाही. पुरावा म्हणून चार ठसे काढून दाखवले, आणि पाचवा शोधायला लागले.

मी आतल्या बाजूला भोकं पाडायच्या सामत्याचं टोक घासत बसले होते. फिलितासांनी पिशवीतून केर्साचं नाणं काढून ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, छान. मग केर्साकरांनी आपल्याच नाण्यावर, आपल्याच प्रमुखाचं नाव घालून, आपल्या नदाबद्दल हे काय कबूल केलं आहे? ते मिलियाचे वकील आहेत, ताई.

आता यापेक्षा वाईट गोष्ट लिहिते. तो ठसा बाबांनी कोरलेला नाही. बाबा तापानं फणफणले होते, जत्रेची तारीख जवळ आली होती, आणि करारात ठसा ओनेसासच्या हातचा असेल असं लिहिलेलं होतं. तो मी कोरला. तुझ्यापासूनही लपवलं. तू बाबांच्या तरुण हाताचं कौतुक लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं आणि दरवेळी लाज वाटली.

तुझ्या मामंजींच्या पत्रात फक्त एवढंच होतं की देवीच्या पायाशी तेर्बास असावा. दाढी हवी की नको, याबद्दल एक शब्द नव्हता. तेर्बास मी पाहिलेला नाही. तीन दिवस मी काशाला छिन्नी लावली नाही. मग तुझं पत्र आठवलं, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातलं. तू लिहिलं होतंस की इथला नद गोर्पिआइओसमध्ये मरतो, बायका पात्रातली वाळू उकरून ओंजळी ओंजळीनं घागर भरतात, आणि तुझी नखं फुटली आहेत. ते वाचलं आणि मी त्याला दाढी दिली नाही. मला वाटलं की मी नियम पाळला. बांध, झरे, वाद यांतलं मला काहीच ठाऊक नव्हतं. पण ठाऊक असतं तर मी काय केलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि उत्तर येण्याआधीच उठून कामाला लागते.

विसाव्या दिवशी प्रांताधिकाऱ्यांपुढे ठसा कोरणाऱ्याला शपथेवर बोलावलं आहे. बाबा म्हणतात, हात चुकला म्हणून सांगू, कोरणाऱ्याचा हात चुकतो, त्यात काय मोठं? तीन पिढ्यांत एकदाही चुकला नाही असं परवा तेच सांगून बसले आहेत! वकील विचारेल की हा नद आटतो हे तुला कशावरून कळलं, आणि ज्यावरून कळलं ते पत्र माझ्या पेटीत आहे. बाबा म्हणतात ते जाळ. मी अजून जाळलेलं नाही. तू सांग. तू सांगशील तसं करीन असं लिहावंसं वाटतं, पण करीन की नाही याची मला खात्री नाही, म्हणून तसं लिहीत नाही.

रागावलीस तरी पत्र टाक. गप्प राहू नकोस.

तुझी,
मेल्तिने


केर्सा,
दायसिओस, दिवस बारावा

चि. मेल्तिने,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राच्या दोन दिवस आधीच बातमी इथे पोचली. मिलियाचे लोक ते नाणं गळ्यात बांधून आमच्या बाजारात आले होते. लोकरीच्या अड्ड्यावर मामंजींना एकानं विचारलं, काय हो मेनोफिलास, तुमचा नद वयात कधी येणार? मामंजी घरी आले ते जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी कोणीतरी आमच्या उंबऱ्यावर ओंजळभर नाणी फेकून गेलं. पैसे फेकून दिलेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

परवा मेन देवाच्या देवळात पुजाऱ्यानं राजदंड उभा केला. तुमच्या शहरात ही रीत नसेल. इथे अपराधी कोण ते कळेनासं झालं की देवाचा दंड उभा करतात आणि सगळ्या गावासमक्ष म्हणतात, तेर्बासबद्दल ज्यानं खोटं केलं त्याला देवानं पाहून घ्यावं. अपराधी पुढे येऊन आपला अपराध दगडावर कोरून लावतो, तेव्हाच दंड खाली येतो. देव शिक्षा बहुतेक डोळ्यांवर देतो असं म्हणतात. काल सकाळपासून अम्मियाचे डोळे आले आहेत. पापण्या चिकटतात, उजेडाकडे तोंड करत नाही. सासूबाई बडीशेपेच्या पाण्यानं पुसतात आणि माझ्याकडे बघतात.

मामंजी म्हणत होते की ओनेसासनं मिलियाकडून लाच घेतली. बापाचं नाव असं घेतलेलं मला ऐकवलं नाही, म्हणून मी सांगून टाकलं की बाबा आजारी होते आणि ठसा माझ्या बहिणीनं कोरला. त्यावर ते एकदम थंड झाले. म्हणाले, मग तर सोपं झालं, पोरीच्या हातून चूक झाली यावर कोणीही विश्वास ठेवील. तू स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं की दाढी अनवधानानं राहिली, खाली तुझा शिक्का मारायचा. पानेमोसच्या पहिल्या दहा दिवसांत तो कागद इथे हवा. नाही आला तर मी माहेरी जायचं आणि अम्मिया इथे राहणार, कारण मूल बापाच्या घरचं असतं. मी ह्यांच्याकडे पाहत होते, आणि हे भाकरीकडे.

एका दाढीपायी, मेल्तिने! तू पाच रेघा ओढल्या असत्यास तर कोणाचं काय गेलं असतं? लहानपणापासून तुझ्या खरेपणाचं कौतुक करणारी मी एकटीच होते, बाकी सगळे तुला किटकिटी म्हणायचे. आज मलाही तोच शब्द आठवतो. बांध गेला तर माझी मुलगी वाळू उकरायला शिकेल. बांध राहिला आणि मी गेले तर तिला डोळे पुसायला दुसरं कोणी शोधावं लागेल. तुझ्या त्या नियमात यासाठी काही चित्र आहे का?

माझं पत्र जाळ. कागद लिही. आणि लवकर.

तातिया


आर्गेसा,
दायसिओस, दिवस पंचविसावा

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

अम्मियाचे डोळे कसे आहेत ते आधी कळव, बाकी सगळं मागाहून.

विसाव्या दिवशी आम्ही न्यायसभेत उभे होतो. मी शपथेला पुढे होणार तेवढ्यात प्रांताधिकारी म्हणाले की नदाला दाढी आहे की नाही हे नाण्यावर पाहण्यापेक्षा नद पाहिलेला बरा. त्यांनी एक पंच नेमला आहे. तो पानेमोसच्या सहाव्या दिवशी केर्साला येईल, पात्र पाहील, लोकांना विचारील. ठसा कोरणाऱ्याला काही सांगायचं असेल तर लेखी पाठवावं, असा हुकूम झाला. फिलितास माझ्याकडे पाहून हसले. बाबांना वाटलं आपण सुटलो. मला तसं वाटलं नाही.

तू मागितलेला कागद सोबत आहे. आर्गेसाच्या ओनेसासची मुलगी मेल्तिने हिच्या हातून तेर्बासची दाढी अनवधानानं राहिली, असं त्यात आहे. शिक्का मारला आहे. सात वेळा लिहिला. पहिल्या सहांत कुठे ना कुठे शाई सांडली किंवा शब्द गळला. मी इतकी वर्षं उलटी अक्षरं कोरते, मला कधी असं होत नाही. हा कागद खोटा आहे. तुला ते ठाऊक आहे, तरी एकदा लिहून ठेवते. अम्मियाला मी पाहिलेलं नाही. तू तिच्या पावलाला काजळ लावून कापडावर उठवून पाठवलं होतंस, तेवढीच ती मला माहीत आहे. तो कागद मी तेवढ्या पावलासाठी लिहिला.

तुझं जुनं पत्रही सोबत ठेवलं आहे. जाळायला भट्टीपाशी तीनदा गेले. तिसऱ्यांदा बाबांनी हात पुढे केला, तेव्हा मी ते काढून घेऊन माडीवर पळाले, लहान मुलीसारखी. ते तुझं आहे. जाळायचं तर तू जाळ.

यात माझा काही मोठेपणा नाही, ताई. मला ठरवता आलं नाही म्हणून दोन्ही कागद मी तुझ्या पदरात टाकते आहे, आणि हे भित्रेपणाचं आहे हे मला कळतं. तू पहिला कागद दिलास तर मी तुला जन्मात बोल लावणार नाही, आणि दगडावर नाव कोरायची वेळ आली तर माझं कोरीन. एकच मागणं आहे. देण्याआधी तुझं स्वतःचं पत्र एकदा वाच.

माणूस निघतो आहे. तुझ्या पाया पडते.

मेल्तिने


केर्सा,
पानेमोस महिना, दिवस बारावा

चि. मेल्तिने हिस,
अ. उ. आ.

अम्मियाचा डावा डोळा उघडला आहे, उजवा अर्धा. आधी ते मागितलं होतंस म्हणून आधी ते. बाकीचं आता सावकाश वाच, मीही सावकाश लिहिते.

तुझा मानेस पाचव्या दिवशी दुपारी आला. दोन्ही कागद कमरेच्या पट्ट्यात घालून मी परड्यात बसले आणि माझं पत्र वाचलं. एकोणीस वर्षांची ही पोर कोण, असं वाटत राहिलं. तिनं लिहिलं होतं की इथे तहानेला सगळे सवयीनं तोंड देतात, आणि पुरुष तर नदाला पाणी नाही हे तोंडातूनही काढत नाहीत, पाहुणे आले की बायकांना पहाटेच पात्रात पाठवतात. हे मी विसरले होते. चाळीस पावलांवर पाणी आलं आणि मी विसरले.

सहाव्या दिवशी पंच आला. गोल, घामाघूम, रोमकडचा. बरोबर दुभाषा. सगळं गाव काठावर, फिलितास आणि मिलियाचे चारजण समोर, आणि देवळातून आणलेला राजदंड मधोमध रोवलेला. पात्रात गुडघ्याच्या वर पाणी होतं, या दिवसांत असतंच. मामंजी दंडावर हात ठेवून म्हणाले की गोर्पिआइओसमध्येही पाणी असंच असतं, माझ्या आजोबांच्या वेळेपासून. आणखी चार म्हाताऱ्यांनी तेच सांगितलं. पंचानं नाणं काढलं आणि विचारलं की मग हा पोरगा कोण? मामंजी म्हणाले, कोरणाऱ्या मुलीची चूक, तिच्या हातचा कागद आहे, आणि मला हाक मारली.

अम्मिया माझ्या कडेवर होती, डोळ्यांना फडकं बांधलेलं. मी दंडाजवळून चालले आणि त्याच्यावर म्हटलेले शब्द मनात आले. तेर्बासबद्दल ज्यानं खोटं केलं. मेल्तिने, तू काहीच खोटं केलं नव्हतंस. पाचजणांनी नुकतंच केलं होतं, आणि सहावी मी होणार होते, हिला कडेवर घेऊन. मी पट्ट्यातून कागद काढला आणि दुभाष्याच्या हातात दिला. तो माझा होता.

त्यानं सगळं मोठ्यानं वाचलं, फुटलेल्या नखांपर्यंत. मामंजींचा चेहरा मी पाहिला नाही. पण आवाज ऐकला. ते म्हणाले, ही परगावची पोर, नवी नवरी, माहेरी रडगाणं लिहिणार नाही तर काय? कुठल्या सुनेनं आजवर माहेरी लिहिलं की सासरी पाणी गोड आहे? लोक हसले. पंचही हसला. झालं, माझं पत्र वाऱ्यावर गेलं असं मला वाटलं. फिलितासही माझ्याकडे आता कामाची वस्तू म्हणून पाहत नव्हते.

तेव्हा सासूबाई उठल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि सरळ पाण्यात शिरल्या. मामंजी ओरडले की अगं, हे काय चालवलंयस. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मोठ्या चिनारापासून पावलं मोजत गेल्या, पायानं तळ चाचपला, मग वाकल्या, खांद्यापर्यंत हात खाली घातले आणि ओढू लागल्या. येईना. हे काठावरून उडी टाकून गेले. दोघांनी मिळून वाळूतून एक रांजण उपसून काढला, बूड फोडलेला, कडेला आमच्या घराची खूण. सासूबाईंनी तो पंचाच्या चपलांपाशी आणून ठेवला आणि म्हणाल्या, चाळीस उन्हाळे मी या रांजणाच्या तोंडाशी बसले आहे. वाळू ढासळू नये म्हणून पुरतात, आणि खाली झिरपेल ते वाटीनं काढतात. प्रत्येक घराचा एकेक आहे. माझ्या सुनेचं खोटं वाटत असेल तर बाकीचे काढून दाखवते. आणि हेही लिहून घ्या म्हणाल्या, की बांध आम्ही चोरीसाठी घातला नाही, तहानेसाठी घातला. आमच्या माणसांना चोर म्हटलेलं चालतं, पण नद आटतो म्हटलेलं चालत नाही.

मग एकेक बाई पाण्यात उतरली. त्रेचाळीस रांजण काठावर आले. फिलितास हसायचे थांबले, कारण पंच आता त्यांना विचारत होता की मिलियात किती घरं अशी वाळू उकरतात.

निकाल दुसऱ्या दिवशी दिला. झरे मिलियाचे, बांध फोडायचा. पण उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत दर दहा दिवसांतले तीन दिवस पाणी केर्साला, आणि पिण्याचा एक पाट कायमचा. मिलियाकर चडफडत गेले, आमची नगरसभा चडफडत बसली आहे. बायका आपल्या वाट्याचे दिवस मोजतात. दंड अजून उभाच आहे. पाचजणांनी दगडावर कबुली कोरून लावली की उतरेल. पहिलं नाव कोणाचं यावर वाद चालू आहे, आणि पाथरवटाला अक्षरं बारीक काढायला सांगितलं आहे. तुझा खोटा कागद मी चुलीत घातला आणि त्यावर हरभरे शिजवले.

त्या दिवशी पात्रावरून घरी आल्यावर मामंजी म्हणाले की उद्या हिनं माहेरची वाट धरावी. सासूबाईंनी ओलं लुगडं पिळलं आणि म्हणाल्या, मग मीही जाते, आर्गेसा मी कधी पाहिलेलं नाही. हे इतकी वर्षं बापापुढे भाकरीकडे बघत बसलेले, ते अम्मियाला उचलून दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले की मग गाढवं दोन लागतील. मी हसले, मेल्तिने.

कोणी गेलं नाही. पण पाच दिवस मामंजी कोणाशी एक शब्द बोलले नाहीत. काल दुपारी, भिंतीकडे तोंड करूनच, त्यांनी पाणी मागितलं. सासूबाई सूत कातत राहिल्या. मी अम्मियाचे डोळे पुसत होते, मीही उठले नाही. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. मग उठले, कोपऱ्यातली घागर घेतली, आणि नगरसभेत जाताना घेतात ते पांढरं अंगवस्त्र तसंच खांद्यावर ठेवून नदाकडे निघाले. सगळी आळी दारात आली होती. परत आले तेव्हा घागर निम्मी सांडली होती आणि वस्त्र कमरेपर्यंत भिजलं होतं. त्यांनी पेला भरला, आमच्या दोघींकडे न बघता खाली बसले, आणि पहिला घोट अम्मियाला पाजला.

बाबांना नमस्कार सांग. तुझ्या मनातली माझी जागा हलली नसेल तर लवकर लिही.

तुझीच,
तातिया